फिट

नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा थांबली यात दिशाला काही विशेष वाटलं नाही. द्वारकेला रिक्षा थांबायचीच. मुंबईकडून, धुळ्याकडून, पुण्याकडून आलेली सगळी वाहनं तिथे एकमेकांच्या अंगावर येऊन उभी राहतात आणि जो तो हॉर्नवर हात ठेवून दुसऱ्याला अक्कल येण्याची वाट बघतो. पण आज पुढच्या रिक्षांतली माणसं उतरून पुलाच्या खांबाकडे धावत होती आणि त्यांच्या तोंडावर एक टवटवी आली होती. या शहराच्या तोंडावर ती फक्त दुसऱ्याच्या अपघाताने येते. "फिट आलीय कुणाला तरी," रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला. "बसा ताई, बघून येतो." ती काही म्हणायच्या आत तो गेलासुद्धा. गर्दीतून आवाज येत होते. "कांदा आणा रे, कांदा हुंगवा!" "कांदा कशाला, चप्पल काढ, चप्पल." "माझी नको, नवीन हाय." "अरे हातात लोखंड द्या आधी, लोखंड!" दिशा जागची हलली नाही. मांडीवर तिची कामाची बॅग होती, तीत टेप, कात्री, बर्फाच्या पिशव्या आणि दुखऱ्या जागेवर मारायचा गार फवारा. गोदातीर एफसी नावाच्या व्यावसायिक फुटबॉल संघाची ती फिजिओथेरपिस्ट होती आणि संध्याकाळच्या सामन्यासाठी तिला नाशिकरोडच्या बाजूला पोचायचं होतं. रस्त्यात पडलेल्या माणसाचं काय करायचं हे त्या गर्दीत बहुधा तिला एकटीलाच ठाऊक होतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं आणि बाकीच्यांना हाकलायचं. पण हाकलायचं म्हणजे आधी कांद्याने काही होत नाही हे त्यांना पटवायचं, आणि तो उद्योग तिने आयुष्यात एकदा करून पाहिला होता.

तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. मखमलाबादला त्यांचा गुलाबाचा मळा. तिथे कामाला असलेला बुधा फुलं तोडता तोडता सरीत आडवा झाला, हातपाय झाडायला लागला, आणि आई घरातून कांदा फोडून घेऊन धावली. "फिट आली गं बुधाला, फिट आली!" दिशा आईच्या आडवी उभी राहिली. "आई, कांद्याने काही होत नसतं. आणि फिट फिट काय म्हणतेस? सीझर म्हण. सीझर म्हणतात त्याला इंग्रजीत." आई कांदा हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. "सिझर? अगं, सिझर बाळंतिणीचं होतं. बुधाचं कुठून होईल?" मळ्यातल्या बायका वाफ्यात खाली बसून हसल्या. बुधा शुद्धीवर आला तेव्हा सगळे हसत होते म्हणून तोही हसला. पुढे कितीतरी लग्नांत, बारशांत 'बुधाचं सिझर' ही गोष्ट आई सांगायची आणि सांगताना लेकीकडे कौतुकाने बघायची. दिशाने त्या दिवशी एक गोष्ट मनाशी पक्की केली की या लोकांना काही शिकवायला जायचं नाही आणि त्यांच्याकडून काही ऐकूनही घ्यायचं नाही. त्यांचे शब्द तिने एकेक करून अंगावरून झटकून टाकले. लचक, उसण, चमक, शीर आखडणं, हाड सरकणं, काही म्हणजे काही ठेवलं नाही. 'फिट' या शब्दाला तिच्या कानात एकच अर्थ उरला, आणि तो तिच्या धंद्याचा होता.

तो धंदा तिने हौसेने निवडला होता. आधी वर्षभर तिने शहरातल्या एका दवाखान्यात म्हाताऱ्या बायकांचे गुडघे वाकवले. त्या व्यायाम करायच्या नाहीत, तेल कुठलं लावू ते विचारायच्या. मग ती गोव्याच्या एका क्लबात गेली, मग मुंबईला, आणि तिथे तिला कळलं की खेळाडू आणि म्हाताऱ्या यांत फरक फक्त मांडीच्या घेराचा आहे. दोघं खोटं बोलतात. म्हाताऱ्या नसलेलं दुखणं सांगतात, खेळाडू असलेलं लपवतात. आणि पेनल्टी हवी असेल तेव्हा हेही नसलेलं सांगतात. बॅग घेऊन ती मैदानात धावत गेली की स्टँडमधून हमखास शिट्ट्या यायच्या. "ओ मॅडम, माझा पण पाय चेपा ना!" "इकडं, इकडं, मांडीत गोळा आलाय!" पहिल्या वर्षी ती लाल व्हायची. नंतर तिला त्या गर्दीबद्दल काही वाटेनासं झालं. डबक्यावर डास असतात तसे ते स्टँडमध्ये असतात, असं तिने ठरवून टाकलं. आई मात्र शेजारीपाजारी सांगायची, दिशा पाय चेपायला असते फुटबॉलवाल्यांचे. सासूचे चेपायला लागू नयेत म्हणून परक्यांचे चेपते, असं मामीने एकदा त्यात जोडलं. उत्तर द्यावं अशी माणसं दिशाला भेटायचीच थांबली होती. कोच लोक तिच्याकडे येऊन एकच शब्द विचारायचे. घोट्याची सूज, फाटलेला स्नायू, त्यामागची तिची सगळी विद्या एका शब्दाच्या प्रश्नात कोंबून ते दारातूनच ओरडायचे, "फिट?" तीही म्हणायची, "फिट." किंवा म्हणायची, "नाही," आणि मग ते बसून तिला समजवायचे, ती "फिट" म्हणेपर्यंत. हळूहळू तिने मधली समजवासमजवी गाळली.

नाशिकला क्लब निघाला तेव्हा ती परत आली, मुख्य फिजिओ म्हणून. मुख्य म्हणजे एकटीच. मालक सावळीरामशेठ लासलगावचे कांद्याचे व्यापारी. फुटबॉलमध्ये चेंडू गोल असतो यापलीकडे त्यांना माहिती नव्हती, पण मुलगा दीपक परदेशात शिकताना तिथल्या एका संघाच्या नादी लागला होता आणि परत आल्यावर एप्रिलमध्येही गळ्यात त्या संघाचा लोकरी मफलर घालून फिरायचा. बापाने पोराला क्लब घेऊन दिला. संघाचे डॉक्टर म्हणून शेठचे साडू होते. ते दातांचे होते. शेठ एकदाच शिबिरात आले. सगळ्यांना ओळीने उभं करून लिलावातल्या ट्रॉलीसमोरून जावं तसे रांगेवरून गेले, मध्येच थांबून एखाद्याची पोटरी अंगठ्याने दाबून बघायचे. सुरगाण्याच्या बारकूपाशी आले, दाबलं, परत दाबलं आणि म्हणाले, "हा टिकायचा. हा चाळीत घाला." कांदा साठवायची चाळ. त्या दिवसापासून पोरं आपल्या राहायच्या जागेला चाळच म्हणायला लागली. दिशाला तो विनोद आवडला नाही, कारण तो विनोद नव्हता.

बारकू संघातला एकच असा होता की तो दुखण्याचं नाटक करायचा नाही, आणि त्याचाही तिला रागच यायचा. कसंय विचारलं की म्हणायचा, "बेस हाय मॅडम." नख उखडलं, बेस हाय. ताप आला, बेस हाय. डोंगरात भात करणाऱ्या घरातला तो. पाऊस लागला तरी बेस आणि द्राक्षाच्या कामाला आईबाप खाली निघाले तरी बेस. हा शब्द तिला 'फिट'चा गावंढळ चुलतभाऊ वाटायचा. मागच्या सामन्यात हेडरला उडालेला बारकू गोलच्या खांबावर आपटला. ती धावत गेली, डोळ्यांसमोर बोटं धरली. "कसं आहे?" "बेस हाय." दुसऱ्या दिवसापासून त्याचं डोकं दुखत होतं हे त्याने नाही, त्याच्या खोलीत राहणाऱ्या राजूने सांगितलं. राजू गोलकीपर, चांदवडचा. दिशाने दीपककडे मेंदूच्या स्कॅनचं काढलं. दीपक म्हणाला, "मॅडम, सामन्यानंतर. मुंबईहून मोठ्या क्लबचे पाहुणे फक्त त्याला बघायला येतायत. तुम्ही फक्त सांगा, फिट की नाही." मग तिने तडजोड काढली. राजूला सांगितलं, रात्री बारकूवर लक्ष ठेव, सकाळी मला फोन कर. रात्र नीट गेली तर खेळेल, नाहीतर नाही. ही तडजोड आहे हे तिला कळत होतं. पण अशा माणसांत राहून याहून जास्त कोण काय करतं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि हे वाक्य तिला हल्ली फारच सवयीचं झालं होतं.

राजूचा फोन आला तेव्हा ती गणेशवाडीच्या फूलबाजारात होती. भाऊ गावाला गेला होता म्हणून आईबरोबर गुलाबाच्या पाट्या घेऊन तिला जावं लागलं होतं. चारी बाजूंनी झेंडू, शेवंती, गजरे. चारी बाजूंनी बोंबाबोंब. "मॅडम, रात्री बारकू... फिट..." "काय? मोठ्याने बोल." "बारकू... फिट... मॅडम." "फिट ना?" "हो मॅडम. फिटच." "छान," ती म्हणाली. "नाश्ता हलका दे त्याला." पलीकडे राजू गप्प झाला. चांदवडकडच्या माणसांच्या डोक्यात वाक्य शिरायला वेळ लागतो, असं मनात म्हणून तिने फोन ठेवला आणि दीपकला लावला. एकच शब्द बोलली. दीपक म्हणाला, "ग्रेट."

रिक्षावाला परत आला तो हसत हसत. "ताई, जरा थांबायला लागंल. चावी त्याच्या हातात हाय."

"कुणाच्या?"

"त्या फिटवाल्याच्या. लोखंड पायजे होतं ना. कुणाकडंच काय नव्हतं, म्हणून मी आपली चावी दिली. लय घट्ट धरलीय त्यानं. सुटली का निघू."

दिशा त्याच्याकडे बघत राहिली. गाडीची चावी एका बेशुद्ध माणसाच्या मुठीत ठेवून हा गृहस्थ परोपकाराच्या समाधानात तंबाखू मळत होता. ती बॅग घेऊन उतरली. माणुसकीने नव्हे, चावीसाठी. गर्दीला तिने कोपराने फाडलं. खाली चाळिशीतला एक माणूस, शर्टावर थुंकीचे डाग, नाकाशी फोडलेला कांदा, छातीवर कुणाची तरी चप्पल. झटके थांबत आले होते. "व्हा मागे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे होतं त्याने लोक खरंच मागे झाले. तिने त्याला कुशीवर घेतलं, बॅगेतला टॉवेल डोक्याखाली सारला. मूठ आपोआप उघडली, चावी डांबरावर पडली. शेजारी उभा असलेला एक जण फोनवर ओरडत होता, एका कानात बोट घालून. "येतो, येतो! इथं एकाला फिट आली... काय? फिट! हो... फिट ना... अरे हो, फिटच!"

तिचा हात तसाच राहिला. फिट ना? हो मॅडम, फिटच. तिने सकाळचं ते वाक्य पुन्हा कानात वाजवून पाहिलं. बारकू नव्हे, बारकूला. आणि शेवटी काहीतरी होतं, एक लहानसं 'आली', ते गजऱ्यांच्या भावात बुडून गेलं होतं. राजू इंग्रजी 'फिट' कधी म्हणतच नाही. तो म्हणतो, बरा हाय, ठीक हाय. त्याच्या तोंडी फिट म्हणजे चांदवडला जी असते ती, आईच्या मळ्यात जी होती ती, या रस्त्यावर आत्ता जी पडली होती ती. सगळ्या नाशिक जिल्ह्यात त्या शब्दाचा अर्थ माहीत नसलेली एकच बाई होती, आणि तिने तो अर्थ स्वतःच्या हाताने कानातून काढून टाकला होता. खांबावर आपटलेल्या पोराला रात्री झटका आला, आणि ती म्हणाली, छान.

राजूचा फोन बंद. बारकूचा बंद. सामन्याच्या दिवशी कोच सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा करतो. दीपकने बऱ्याच वेळाने उचलला. रिक्षा तोवर द्वारकेतून सुटून पुणे रोडला लागली होती.

"मॅडम, कुठे आहात? पाहुणे आले."

"दीपकसर, बारकूला उतरवायचं नाही. त्याला रात्री फिट आली."

"हो, सांगितलंत ना सकाळी."

"मी सांगितलं फिट आहे. फिट आहे नाही, फिट आली!"

"आली काय, आहे काय, एकच ना. नावं गेली रेफ्रीकडे."

"सीझर, सीझर झाला त्याला!"

"कुणाचं सिझर?" दीपक वैतागून म्हणाला. "मॅडम, काहीच कळत नाहीये, हॉर्न येतायत."

या पोराला बापाने परदेशात शिकवलं होतं. तिला हसू फुटलं, आणि ते हसू घशात इतकं आंबट लागलं की तिने मान बाहेर काढून थुंकून टाकलं. मग ती सावकाश, आई बोलते तशी बोलली. "मिरगी येते ना सर, रस्त्यात माणूस पडतो, तोंडाला फेस येतो. तसा झटका आला बारकूला रात्री. डोक्याला मार आहे. परत डोकं आपटलं तर मरेल." दीपकला आता कळलं होतं. मग त्याचा आवाज आला, खालच्या पट्टीत, शहाणा. "मॅडम, हे आणखी कुणाला बोलू नका. पहिला हाफ खेळू दे. पाहुण्यांना बघू दे. मग काढतो मी त्याला, प्रॉमिस."

ती पोचली तेव्हा दोन्ही संघ मैदानात होते. चेंडू मध्यावर, रेफ्री घड्याळ बघत उभा, स्टँड निम्मा भरलेला, मधोमध खुर्च्यांना पांढरे कव्हर घातलेली रांग आणि तीत सावळीरामशेठ व पाहुणे. रेफ्रीने बोलावल्याशिवाय फिजिओने आत पाऊल टाकायचं नसतं. इतक्या वर्षांत तिने हा नियम मोडला नव्हता, नियम मोडणाऱ्यांबद्दल तिला घृणा होती. ती बाजूच्या रेषेवरून सरळ चालत आत गेली. शिट्ट्या लगेच सुरू झाल्या. "अजून चालू नाही झालं ओ मॅडम!" "कुणाचे पाय चेपता आधीच?" बारकू मध्यरेषेपाशी उभा होता, चेहरा पिवळट, डोळे उन्हात अर्धे मिटलेले.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"बेस हाय मॅडम."

"बस खाली."

तो बसला. ती गुडघ्यांवर बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ झाला. एक बूट काढला, मोजा खाली ओढला आणि नडगीच्या ढालीमागून काहीतरी गवतावर घरंगळलं. लाल, गोल. कांदा. तिने तो उचलला. राजू गोल सोडून धावत आला होता.

"मी दिला तो," तो म्हणाला. "मैदानात आली परत, तर जवळ असावा म्हणून. रात्री पण त्यानंच उतरली."

"त्याने नाही उतरत," दिशा म्हणाली. अजूनही तिला हे सांगावंसं वाटत होतं याची तिला शिसारी आली. "आपोआप उतरते. राजू, मला नीट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर मॅडम. बारकूला फिट आली म्हणून सांगितलं. तुम्ही म्हणले, छान." तो तिच्या नजरेला नजर न देता बोलत होता. "मंग आमाला वाटलं, असल काहीतरी. डॉक्टरकीत चांगलं असत असल. तुमाला उलटं कोण विचारनार?"

रेफ्री आला. बाहेरच्या राज्यातला होता. त्याने आधी कांद्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "क्या है ये? खेलेगा कि नहीं? फिट?" आणि ती तोंड उघडणार तोच बाजूच्या रेषेवरून मफलर फडकवत दीपक ओरडला, "फिट! रेफ, ही इज फिट! फिट आहे तो!" स्टँडच्या खालच्या रांगेतल्या कुणालातरी त्यातला एकच शब्द ऐकू गेला, आणि मैदानात बसलेला बूट काढलेला खेळाडू आणि बाईच्या हातातला कांदा दिसत होताच. "अरे, फिट आली त्याला!" तो ओरडला. "बाई कांदा हुंगवतेय बघ!" "चप्पल द्या, चप्पल!" हशा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. दोन-चार चपला खरोखर मैदानात येऊन पडल्या. पांढऱ्या रांगेतल्या एका पाहुण्याने शेजाऱ्याच्या कानात काही विचारलं, उत्तर ऐकलं, आणि फोन खिशात घालून उठायला लागला. डबक्यावरच्या डासांनी एका मिनिटात ते केलं जे ती तासाभरात करू शकली नव्हती. आता बारकूला कुणी खेळवू शकत नव्हतं. आज नाही आणि बहुधा कधीच नाही. तो शब्द सुरगाण्यापर्यंत पायी जाईल आणि त्याच्या आधी पोचेल. दीपक उठलेल्या पाहुण्यामागे धावला. सावळीरामशेठ जागचे हलले नव्हते. डोळ्यांवर हाताची सावली धरून ते तिच्या हातातला कांदा कुठल्या प्रतीचा आहे ते इतक्या लांबून बघत होते.

"नहीं," दिशा रेफ्रीला म्हणाली. "फिट नहीं है."

तिने बारकूला दंडाला धरून उठवलं. काढलेला बूट तिच्या हातात होता. "मॅडम, तुमी नका धरू बूट," तो म्हणाला. "चाल," ती म्हणाली. चपला चुकवत ते फाटकाकडे निघाले, तो एक पाय अनवाणी, ती एका हातात बूट आणि दुसऱ्यात तो बिनकामाचा कांदा घेऊन. फेकून द्यावा तर सगळे बघत होते. रिक्षा बाहेर उभी होती. हॉस्पिटल लांब नव्हतं.

"डोकं दुखतंय?"

"बेस हाय."

ती थांबली. इतक्या वर्षांत तिने हजार पायांना विचारलं होतं, कुठे दुखतं, किती दुखतं. शब्दांना कधी विचारलं नव्हतं. "बारकू, बेस म्हणजे काय रे?"

तो विचारात पडला. एवढं सोपं कुणी विचारेल असं त्याला वाटलं नसावं. मागे शिट्टी वाजली, सामना त्याच्याशिवाय सुरू झाला. त्याने वळून पाहिलं नाही.

"काय नाय मॅडम," तो म्हणाला. "बेस म्हटलं ना, का विचारणारा निघून जातो."